प्रवासी राउटर व त्याच्या दोन वाटा

पावसाळ्यांत डोंगरी मुलखांतून हिंडणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या गांवास घाटाचा एकच रस्ता आहे, त्या गांवाच्या दळणवळणाचा भरंवसा धरूं नये. दरड कोसळली कीं गांव जगापासून तुटलें. ज्या गांवास घाटाचा रस्ता व नदीकांठची पायवाट अशा दोन वाटा असतात, तेथील मनुष्य दरड कोसळल्याची बातमी ऐकून हळहळतो खरा. पण त्याचें मीठ व तेल अडत नाहीं. आज आम्ही ज्या यंत्राविषयीं लिहिणार आहों, त्याचें सारें मर्म ह्या साध्या गोष्टींत आहे. तें तळहातावर मावणारें यंत्र असून त्यास प्रवासी राउटर म्हणतात. आणि इंटरनेटच्या दोन किंवा अधिक वाटा एकाच वेळीं सांभाळण्याचें काम तें करितें.

हा विषय आम्हीं केवळ हौसेखातर निवडलेला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटीच्या आरंभीं आम्ही दहावीच्या मुलामुलींस घेऊन एका थंड हवेच्या ठिकाणीं शिबिरास गेलों होतों. त्यांतील एका मुलीची शिष्यवृत्तीसाठीं तोंडी परीक्षा त्याच आठवड्यांत इंटरनेटवरून व्हावयाची होती. जेथें उतरलों तेथें वाय-फाय आहे, अशी खात्री आम्हीं करून घेतली होती. आणि आदल्या रात्रीं तें उत्तम चालतही होतें. सकाळीं साडेदहा वाजतां ती मुलगी नीटनेटका गणवेश घालून लॅपटॉपपुढें बसली. परीक्षकांचे चेहरे पडद्यावर उमटले, दोन प्रश्न झाले, आणि चित्र थिजलें. लॅपटॉपच्या कोपऱ्यांत वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसत होती. म्हणून दोष लॅपटॉपचा आहे असें समजून आम्हीं तो बंद करून पुन्हां सुरू केला. मग आमच्या मोबाइलचें हॉटस्पॉट सुरू केलें, तों त्याचा पासवर्ड आठवेना. तो सांपडला, तर लॅपटॉप घटकेघटकेस आपल्या ओळखीच्या वाय-फायकडे परत धांव घेऊं लागला. ह्या गोंधळांत वीस मिनिटें गेलीं. आणि परीक्षेची वेळच वीस मिनिटांची होती. शिष्यवृत्ति तिला मिळाली नाहीं. तिच्या वडिलांनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. "सर, होतें असें कधीं कधीं," एवढेंच ते म्हणाले. परंतु आमच्या मनांत खुपत राहिलें तें हें कीं, दुसरी वाट आमच्या खिशांतच होती; तिचा उपयोग करण्याची पूर्वतयारी मात्र आम्हीं केली नव्हती.

त्या दिवसानंतर आम्हीं ह्या विषयाचा जो थोडाबहुत अभ्यास केला, तो येथें क्रमानें मांडीत आहों.

प्रथम राउटर म्हणजे काय हें पाहूं. आमच्या बोर्डिंगांतील मुलें हा विषय चटकन् समजतील, कारण त्यांच्या पत्रांची व्यवस्था अगदीं अशीच असते, अशी कल्पना करितां येते. समजा, बोर्डिंगांत साठ मुलें आहेत. प्रत्येकाची पत्रें अधीक्षक गोळा करितात, सर्वांवर बोर्डिंगचा एकच पत्ता घालून तीं टपालांत टाकितात, आणि कोणीं कोणास पत्र लिहिलें ह्याची एका वहींत नोंद ठेवितात. उत्तर आलें म्हणजे वही पाहून तें ज्याचें त्यास देतात. राउटर हा असाच अधीक्षक होय. घरांतील फोन, लॅपटॉप, संगणक ह्यांस तो आंतल्या आंत निरनिराळे क्रमांक देतो. त्यांतील पुष्कळ क्रमांक 192.168 ह्या आंकड्यांनीं सुरू होतात. कारण 1996 सालीं ठरलेल्या नियमाप्रमाणें हा व आणखी दोन गट केवळ घरगुती उपयोगासाठीं राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या जगास हे क्रमांक दिसत नाहींत. बाहेर दिसतो तो राउटरचा एकच पत्ता.

आपण पाठवितों तो मजकूर सलग जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घालून ते निरनिराळे रवाना करितात, व पलीकडे ते पुन्हां जुळवितात. 1960 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन व इंग्लंडांत डोनल्ड डेव्हिस ह्या दोन विद्वानांनीं ही कल्पना स्वतंत्रपणें मांडली. बॅरन ह्यांच्या मनांत मुख्य विचार हा होता कीं, जाळ्याचे कांहीं धागे तुटले तरी उरलेल्या धाग्यांवरून निरोप पोहोंचला पाहिजे. 29 ऑक्टोबर 1969 रोजीं अर्पानेट नांवाच्या जाळ्यावरून कॅलिफोर्नियांतील दोन संस्थांमध्यें पहिला निरोप गेला. आणि गंमत अशी कीं, पहिलीं दोन अक्षरें पोहोंचतांच पलीकडचें यंत्र बंद पडलें! म्हणजे संबंध तुटण्याची कटकट इंटरनेटच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आलेली आहे. व तिच्यावरचा उपाय, म्हणजे एकापेक्षां अधिक वाटा, हाही त्याच्या जन्मापूर्वींपासूनचा आहे.

मोठ्या जाळ्यांत वाटा पुष्कळ असतात. पण आपल्या घरापासून त्या जाळ्यापर्यंत मात्र बहुधा एकच वाट असते. सारा जुगार तेथें आहे. प्रवासी राउटर ह्या शेवटच्या टप्प्यावर दुसरी वाट जोडून देतो.

अशा राउटरला वाटा किती प्रकारच्या मिळूं शकतात, तें सांगतों. पहिली वाट तारेची. भिंतींतील खोबणींतून किंवा तेथील मोठ्या राउटरमधून तार आणून आपल्या राउटरच्या मागें खोंचावयाची. दुसरी वाट त्या ठिकाणच्या वाय-फायची. आपला राउटर तें वाय-फाय ऐकतो व आपल्या नांवानें पुन्हां ऐकवितो. ह्यास रिपीटर म्हणतात. तिसरी वाट मोबाइल फोनची. फोन यूएसबीच्या तारेनें राउटरला जोडून फोनमध्यें यूएसबी टेदरिंग सुरू केलें कीं फोनचें इंटरनेट राउटरला मिळतें. चौथी वाट सिमकार्डाची. कांहीं राउटरांत सिमकार्ड घालण्याची सोय असते, अथवा सिमकार्डाचें डोंगल त्याच्या यूएसबींत बसवितां येतें. ह्यांपैकीं कोणत्याही दोन वाटा घ्या, आपलें काम भागतें.

आमच्या शाळेनें घेतलेला राउटर जीएल-आयनेट ह्या कंपनीचा बेरिल एएक्स नांवाचा आहे. त्यास तारेचीं दोन द्वारें व यूएसबीचें एक द्वार आहे; आणि त्याला 5 व्होल्ट, 3 अँपियर म्हणजे 15 वॉटची वीज लागते. ह्या जातीच्या राउटरांत ओपन-डब्ल्यूआरटी नांवाची मोफत व सर्वांस खुली असलेली प्रणाली वापरितात. तिचा आरंभ 2004 सालीं झाला. लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरांतील आज्ञावली परवान्याच्या अटींमुळें लोकांस खुली करावी लागली होती. तिच्यावर अनेकांनीं मिळून काम केलें व ही प्रणाली वाढत गेली. इतर कंपन्यांच्या राउटरांत शब्द थोडे निराळे असतील, पण रीत हीच.

आतां मांडणी. राउटरला वीज द्यावी. दोन मिनिटांत त्याचें वाय-फाय फोनच्या यादींत दिसूं लागतें. त्याचें नांव व पासवर्ड राउटरच्या तळाशीं चिकटविलेल्या कागदावर छापलेला असतो. त्या वाय-फायला लॅपटॉप जोडून ब्राउझरमध्यें 192.168.8.1 हा आंकडा लिहावा. राउटरचें पान उघडतें. पहिल्याच वेळीं व्यवस्थापकाचा पासवर्ड ठरवावा लागतो. तो वाय-फायच्या पासवर्डाहून निराळा असावा. वाय-फायचा पासवर्ड सर्व मुलांस सांगावा लागतो; व्यवस्थापकाची किल्ली मात्र एकाच माणसाच्या खिशांत असावी. त्याच बैठकींत वाय-फायचें नांव व पासवर्ड बदलून आपल्या सोयीचे ठेवावेत. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा लागतो. पण लांब असेल तितका बरा.

त्यानंतर इंटरनेट नांवाच्या पानावर जावें. तेथें तार, रिपीटर, टेदरिंग व सेल्युलर अशा वाटांचीं घरें दाखविलेलीं असतात. तार खोंचली कीं पहिलें घर आपोआप भरतें. रिपीटरच्या घरांत त्या जागेचें वाय-फाय शोधून त्याचा पासवर्ड एकदां द्यावा. फोन यूएसबीनें जोडून टेदरिंगच्या घरांत जोडणीची कळ दाबावी. दोन घरांवर जोडणी झाल्याची खूण दिसली म्हणजे दोन वाटा तयार झाल्या. ह्यांत मोठा लाभ हा कीं, सर्व लॅपटॉप व फोन ह्यांस केवळ आपल्या राउटरचें एकच नांव ठाऊक असावें लागतें. गांव बदललें, वाट बदलली, तरी मुलांच्या यंत्रांत कांहीं बदलावें लागत नाहीं. लॅपटॉपानें एका वाय-फायवरून दुसऱ्याकडे धांवत सुटण्याचा जो प्रसंग आमच्यावर आला, त्याचें मूळच ह्यामुळें नाहीसें होतें.

मग नेटवर्कच्या यादींत मल्टि-वॅन नांवाचें पान आहे तेथें जावें. येथें राउटरला दोन पद्धतींपैकीं एक निवडून द्यावयाची असते. पहिली फेलओव्हर, म्हणजे एक वाट मिटली तर दुसरी. दुसरी लोड बॅलन्स, म्हणजे दोन्ही वाटांवर ओझें वांटून.

फेलओव्हर पद्धतींत वाटांचा क्रम लावून द्यावा लागतो. पहिल्या क्रमांकाची वाट जोंवर धड आहे, तोंवर सारें काम तिच्यावरून होतें. ती मिटली कीं राउटर दुसरीवर जातो, आणि पहिली सुधारली कीं नवीन काम पुन्हां तिच्यावर आणतो. येथें पुष्कळ लोक सर्वांत वेगवान् वाटेस पहिला क्रमांक देतात. आमचें मत थोडें निराळें आहे. परीक्षा, मुलाखत, वैद्याशीं बोलणें अशा कामांस वेग थोडा पुरतो. स्थिरता मात्र पुष्कळ लागते. म्हणून अशा दिवशीं जी वाट कमी डगमगते, तिला पहिला क्रमांक द्यावा.

पण वाट मिटली हें राउटरला समजतें कसें? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि आमच्या फजितीचें कारणही ह्याच्याच पोटांत आहे. तार उपटली गेली तर राउटरला तत्काळ कळतें. परंतु त्या दिवशीं आमच्या विश्रामगृहांतील वाय-फाय शाबूत होतें. तुटली होती ती त्याच्या पाठीमागील गांवाबाहेरची तार. म्हणून खूण भरलेली दिसत होती, व पलीकडे कांहीं जात नव्हतें. प्रभु येशूनें सांगितलेल्या दहा कुमारींच्या दृष्टान्तांत दिवे तर सर्वांच्याच हातीं होते. पण पांच जणींनीं तेलाचा सांठा बरोबर घेतला नव्हता. दिवा हातीं आहे एवढ्यावरून तेल आहे असें ठरत नाहीं. आणि वाय-फायची खूण आहे एवढ्यावरून इंटरनेट आहे असें ठरत नाहीं.

म्हणून राउटर प्रत्येक वाटेनें थोड्या थोड्या वेळानें एक लहानशी हांक घालतो. ह्या हांकेस पिंग म्हणतात. 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 असे जगांतील कांहीं प्रसिद्ध व सदैव जागे असणारे पत्ते आहेत. त्यांच्याकडे ती हांक जाते व उत्तर परत येतें. उत्तर आलें तर वाट खुली. लागोपाठ कांहीं वेळां उत्तर आलें नाहीं तर वाट मिटली असें राउटर ठरवितो. समजा, दर 5 सेकंदांनीं एक हांक आहे व तीन हांका फुकट गेल्यावर वाट मिटली असें मानावयाचें आहे. तर सुमारें 15 सेकंदांत निकाल लागेल. हे आंकडे ज्या राउटरांत बदलतां येतात, तेथेंही ते फार लहान करण्याचा मोह आवरावा. एक हांक चुकली एवढ्यावरून वाट बदलणारा राउटर दिवसभर इकडून तिकडे उड्या मारीत राहतो, व त्यानें काम सुधारण्याऐवजीं बिघडतें. तसेंच हांक एकाच पत्त्याकडे न घालतां दोघांतिघांकडे घालावी. म्हणजे तो एक पत्ता काहीं कारणानें गप्प बसला, तर आपली चांगली वाट विनाकारण टाकली जात नाहीं.

वाट बदलते त्या क्षणीं काय होतें, हेंही आधीं जाणून असावें. बोर्डिंगचा दृष्टान्त पुढें चालवूं. अधीक्षकांनीं आजपर्यंत एका डाकघराचा पत्ता घालून पत्रें धाडलीं. आतां तें डाकघर बंद झालें म्हणून दुसऱ्याचा पत्ता घालून धाडूं लागले. पलीकडचा मनुष्य विचारांत पडतो, 'हा कोण नवा? आमचें बोलणें तर दुसऱ्याशीं चाललें होतें.' म्हणून वाट बदलतांच चालू असलेला संबंध बहुधा तुटतो. चलच्चित्रासह बोलण्याच्या सोयी थोड्या वेळांत आपण होऊन पुन्हां जुळतात. फाइल उतरविण्याचें काम कधीं पुढें चालू होतें, कधीं मुळापासून करावें लागतें. बँकेचें व कांहीं परीक्षांचें पान पुन्हां नांव व पासवर्ड मागतें. ह्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र मुलास हें आधीं सांगून ठेवावें, म्हणजे चित्र थांबतांच तो भलभलत्या कळा दाबीत सुटणार नाहीं. हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसावें, हीच अशा वेळची उत्तम युक्ति.

आतां लोड बॅलन्स. ह्या पद्धतींत दोन्ही वाटा एकदम चालतात. एक वाट सेकंदास 40 मेगाबिटांची व दुसरी 10 मेगाबिटांची असेल, तर ओझें 4 व 1 ह्या प्रमाणांत वांटून द्यावें. परंतु येथें एक गैरसमज फार पसरलेला आहे. 40 व 10 मिळून 50 होतात, म्हणून माझी फाइल 50 च्या वेगानें उतरेल, असें लोक समजतात. तसें होत नाहीं. राउटर ओझें वांटतो तें संबंधांच्या हिशोबानें. एक संबंध एकाच वाटेनें जातो. दोन बैलगाड्या असल्या म्हणून एक मनुष्य दुप्पट वेगानें गांवीं पोहोंचत नाहीं. मात्र वऱ्हाडाची सोय होते. तीस मुलें एकाच वेळीं अभ्यास करीत असतील तेथें ही पद्धति उपयोगी. एकट्याच्या मुलाखतीस तिचा उपयोग नाहीं. एकाच संबंधाचे तुकडे दोन्ही वाटांनीं पाठविण्याचीही युक्ति आहे. पण तिला पलीकडे ते तुकडे जुळविणारा दुसरा मदतनीस लागतो, व त्याचा खर्च वेगळा. शिवाय वांटणी करतांना बँकेसारख्या पानास एकाच मनुष्याकडून दोन निराळ्या पत्त्यांवरून निरोप येऊं लागले, तर तें संशय घेऊन दार लावून घेतें. म्हणून आमचा सल्ला असा कीं, घरगुती व शाळेच्या महत्त्वाच्या कामास फेलओव्हरच ठेवावें.

पालकांच्या मनांत ह्यापुढचा प्रश्न खर्चाचा असणार. फोनच्या वाटेवर रोजच्या डेटाची मर्यादा असते. सेकंदास 2 मेगाबिट ह्या मानानें चाललेलें चलच्चित्रासह बोलणें एक तास चाललें, तर 3600 गुणिलें 2 म्हणजे 7200 मेगाबिट झाले. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 900 मेगाबाइट. म्हणजे जवळजवळ एक गीगाबाइट. रोज दीड गीगाबाइट मिळत असेल, तर परीक्षा निभावते. पण तेवढ्यांत तीस मुलांनीं चित्रपट पाहण्यास आरंभ केला, तर ती वाट पाव तासांत आटते. फेलओव्हर झालें हें मुलांस कळत नाहीं, हा ह्या सोयीचा गुण आहे आणि हाच तिचा दोष आहे. म्हणून महत्त्वाच्या कामाच्या वेळीं इतरांचीं यंत्रें राउटरवरून सोडवून ठेवावीं.

हिशोबाची आणखी एक गोष्ट सांगतों. ती दहावीच्या मुलांनीं संभाव्यतेच्या पाठाबरोबर जोडून पाहावी. एक वाट शंभर तासांपैकीं 5 तास बंद असते, व दुसरी शंभरांपैकीं 10 तास. दोन्ही एकाच वेळीं बंद असण्याची संभाव्यता 5 शतांश गुणिलें 10 शतांश, म्हणजे अर्धा शतांश. अर्थात् 200 तासांत एक तास. केवढा हा लाभ! परंतु ह्या गुणाकारास एक अट आहे, आणि ती पुस्तकांत मुलें नेहमीं वगळून वाचतात. दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. दोन्ही वाटा एकाच खांबावरून येत असतील, दोन्ही सिमकार्डें एकाच कंपनीचीं असतील, किंवा दोन्ही यंत्रें एकाच विजेच्या बटणावर असतील, तर ह्या दोन वाटा नव्हेत. ही एकच वाट दोन नांवांनीं ओळखली जात आहे.

ही चूक आपणच करितों असें नाहीं. 30 जानेवारी 2008 रोजीं ईजिप्त देशांतील अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्राच्या तळाशीं असलेले दोन मोठे केबल तुटले. केबल दोन, कंपन्या दोन. पण दोघांची वाट एकाच किनाऱ्याजवळून. त्यामुळें मध्यपूर्वेंतील देशांचें आणि हजारों मैल दूर असलेल्या आपल्या हिंदुस्थानचेंही इंटरनेट कित्येक दिवस मंदावलें. ह्या उदाहरणावरून धडा घ्यावयाचा तो हा कीं, वाटा मोजतांना त्यांची संख्या पाहूं नये, त्यांचीं मुळें पाहावीं. एक तारेची असेल तर दुसरी मोबाइलची असावी. फोन दोन असतील तर कंपन्या निराळ्या असाव्यात. आणि वीज गेली तर राउटर व फोन निदान तासभर चालतील अशी पॉवर बँक जवळ असावी. मात्र ती राउटरला लागणारी 15 वॉटची वीज देऊं शकते कीं नाहीं, तें तिच्यावर छापलेले आंकडे वाचून आधीं पाहावें. फोनही राउटरच्या यूएसबींतूनच वीज ओढीत असतो, हें विसरूं नये.

प्रवासांत दोन अडचणी हटकून येतात. पहिली, विश्रामगृहाच्या वाय-फायवर जातांच एक पान उघडतें व खोलीचा क्रमांक किंवा फोनवर आलेला आंकडा मागतें. हें पान भरल्यावांचून वाट खुली होत नाहीं. राउटर जोडल्यावर लॅपटॉपवरून तें एकदां भरावें; बहुधा तेवढ्यानें राउटरच्या मागील सर्वांची सोय होते. राउटरांत व्हीपीएन किंवा स्वतःचा डीएनएस लावलेला असेल, तर तें पान उघडत नाहीं; तेवढ्यापुरते ते बंद करून मग पुन्हां लावावे. दुसरी अडचण, त्या जागेचा राउटरही आंतून 192.168.8 हेच आंकडे वापरीत असतो. एकाच गांवांत एकाच नांवाच्या दोन आळ्या असल्या म्हणजे पोस्टमन गोंधळतो, तसा राउटर गोंधळतो. अशा वेळीं आपल्या राउटरचा आंतील क्रमांक 192.168.20.1 असा कांहीं निराळा करावा, कीं काम झालें.

हें सर्व झाल्यावर एक परीक्षा राउटरचीच घ्यावी. आणि ही परीक्षा घेतल्यावांचून मांडणी पूर्ण झाली असें समजूं नये. एका मुलानें दुसऱ्या गांवच्या मित्राशीं चित्रासह बोलणें सुरू करावें, आणि दुसऱ्यानें पहिल्या वाटेची तार उपटावी. चित्र किती सेकंदांनीं परत आलें, तें घड्याळ लावून मोजावें. मग तार पुन्हां खोंचून पहिली वाट परत येते कीं नाहीं तें पाहावें. शेवटीं तार तशीच ठेवून तिच्या पलीकडच्या राउटरची बाहेरची जोडणी तेवढी सोडवावी. कारण दिवा आहे पण तेल नाहीं, ही स्थिति हीच. एखादी वाट वारंवार येत-जात असेल, तर परीक्षेपूर्वीं ती सरळ काढून ठेवावी. मेलेल्या वाटेपेक्षां अर्धमेली वाट अधिक घात करिते.

ज्या घरांत असा राउटर घेण्याची ऐपत नाहीं, त्यांनीं हें सर्व आपल्या कामाचें नाहीं असें म्हणूं नये. साध्या फोनानेंही निम्मी तयारी होते. वडिलांच्या व आईच्या फोनांत निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें असावींत. दोन्ही हॉटस्पॉट मुलाच्या यंत्रास आदल्या दिवशीं एकदां जोडून पासवर्ड त्यांत ठेवून द्यावा व कागदावरही लिहून ठेवावा. एक वाट थांबली कीं दुसरीवर हातानें कसें जावयाचें, ह्याचा सराव दोन-तीन वेळां करावा. राउटर जें 15 सेकंदांत करितो, तें सरावलेला हात एका मिनिटांत करितो. आमच्या हातास त्या दिवशीं वीस मिनिटांत तें साधलें नाहीं, ह्याचें कारण सराव नव्हता, दुसरें कांहीं नाहीं.

गेल्या डिसेंबरांत आम्ही पुन्हां शिबिरास गेलों. ह्या खेपेस एका मुलाची तशीच तोंडी परीक्षा होती. ती मुलगी आतां महाविद्यालयांत शिकते. शिबिरांत मदत करण्यासाठीं ती आपण होऊन आली होती. राउटरची मांडणी तिनेंच केली, तार उपटून पाहण्याची परीक्षाही तिनेंच घेतली, आणि पासवर्ड कागदावर लिहून तो लॅपटॉपखालीं ठेवला. परीक्षेच्या मध्यंतरीं चित्र थांबलें. आमच्या पोटांत धस्स झालें. मुलानें हात मांडीवर ठेवले. ती मुलगी मनांतल्या मनांत आंकडे मोजीत होती, अठरा म्हणतां चित्र हाललें, व परीक्षकांचा आवाज आला, "हां, बोला, आपण काय सांगत होतां?"

त्या मुलास शिष्यवृत्ति मिळेल कीं नाहीं, हें हे पान छापावयास जाईपर्यंत कळलेलें नाहीं. पण त्याला त्याचीं वीस मिनिटें पूर्ण मिळालीं. मुलाची बुद्धि व त्याचे परिश्रम हे त्याचे. परंतु त्याच्या हातांतील दिव्यास तेल आहे कीं नाहीं, हें आदल्या रात्रीं पाहण्याचें काम आम्हां शिक्षकांचें व आपणां पालकांचें आहे.